स्कॉटलंडची संसद आणि आपले प्रश्न : नव्याने राहायला आलेल्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

स्कॉटलंडमध्ये नोकरीला लागल्यानंतर पहिली पगारपत्रिका हाती येते, तेव्हा तिच्यावरील टॅक्स कोड लक्षपूर्वक वाचावा. बहुतेक पगारदारांचा कोड ‘एस १२५७ एल’ असा असतो. त्यातील १२५७ हा आकडा वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर प्राप्तिकर नाही असे सांगतो, आणि ही करमुक्त मर्यादा लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेने ठरवलेली असते. आरंभीचा ‘एस’ मात्र असे सांगतो की त्यापुढील पगारावर जे टप्पे आणि जे दर लागतात, ते एडिनबरातील होलीरूडच्या संसदेने ठरवलेले आहेत. इंग्लंडमध्ये पगारावर २०, ४० आणि ४५ टक्के असे तीन दर आहेत. स्कॉटलंडमध्ये २०२४-२५ या वर्षापासून १९ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत सहा दर आहेत. वसुली दोन्हीकडे एकच खाते करते. त्यामुळे इंग्लंडमधून बदली होऊन आलेल्या माणसाला तेवढ्याच पगारात हाती पडणारी रक्कम वेगळी दिसली, तर कंपनीच्या हिशेबात चूक झाली असे समजण्याआधी त्याने या एका अक्षराकडे पाहावे.

इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली आहे. तक्रार खरी असते, कागदपत्रे जुळवलेली असतात, पत्रही व्यवस्थित लिहिलेले असते. पण ते ज्या दारात जाते, ते दार चुकीचे असते. व्हिसाच्या विलंबाबद्दलचे पत्र होलीरूडच्या सदस्याकडे जाते, रुग्णालयातील प्रतीक्षायादीबद्दलचे वेस्टमिन्स्टरच्या खासदाराकडे, आणि दोन-तीन आठवड्यांनी ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे सौजन्याचे उत्तर येते. त्यानंतर बहुतेक जण प्रयत्न सोडून देतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही संसद सामान्य रहिवाशाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी पुष्कळ जागा राखून ठेवते. ती जागा कुठे आहे आणि तिथे केव्हा पोहोचायचे, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : विषय कोणाच्या अखत्यारीत आहे ते ठरवा

११ सप्टेंबर १९९७ रोजी झालेल्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतंत्र स्कॉटिश संसदेच्या बाजूने कौल दिला, त्यानंतर १९९८ मध्ये वेस्टमिन्स्टरने ‘स्कॉटलंड ॲक्ट’ हा कायदा केला, मे १९९९ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि १ जुलै १९९९ पासून ही संसद पूर्ण अधिकारांनिशी काम करू लागली. इंग्लंडशी संयोग झाल्यामुळे १७०७ मध्ये स्कॉटलंडची जुनी संसद बंद झाली होती. जवळजवळ तीन शतकांनंतर एडिनबरात पुन्हा कायदे होऊ लागले.

भारतात शिकलेल्या माणसाला राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तीन सूची माहीत असतात : संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. ज्या विषयाचा कुठेच उल्लेख नाही, तो उर्वरित विषय तिथे केंद्राकडे जातो. स्कॉटलंडमध्ये मांडणी नेमकी उलटी आहे. कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात वेस्टमिन्स्टरने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे, आणि जे त्या यादीत नाही ते होलीरूडचे. म्हणून एखादा विषय होलीरूडच्या अखत्यारीत आहे का, असा प्रश्न पडला तर ‘तो राखीव यादीत आहे का’ एवढेच पाहायचे असते. दुसरा फरक अधिक मूलभूत आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे अधिकार राज्यघटनेतून येतात. होलीरूडचे अधिकार वेस्टमिन्स्टरच्या एका कायद्यातून आलेले आहेत, आणि वेस्टमिन्स्टरला स्कॉटलंडसाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याची मुभा आजही आहे. होलीरूडकडे सोपवलेल्या विषयाला हात घालण्यापूर्वी तिची संमती मागावी, असा संकेत पाळला जातो. संमती नाकारली तरी कायदा करता येतो, आणि तसे घडलेही आहे.

व्यवहारात विभागणी अशी आहे. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, व्हिसा आणि नागरिकत्व, नोकरीविषयक कायदे, प्रसारण, वीज व वायूच्या बाजारपेठेचे नियमन आणि पेन्शन हे विषय लंडनकडे आहेत. आरोग्यसेवा, शिक्षण, पोलीस, न्यायालये, घरभाडे व गृहनिर्माण, शेती, पर्यावरण आणि वाहतुकीचा मोठा भाग होलीरूडकडे आहे. तिसरे दार आपल्या कौन्सिलचे. स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिले आहेत. कचऱ्याचे डबे, कौन्सिल टॅक्स, शाळेतील प्रवेश, नर्सरीतील जागा, गल्लीतले खड्डे आणि बांधकाम परवानगी ही कामे त्यांची. शिक्षणाचा कायदा होलीरूड करते, पण मुलाला कोणत्या शाळेत जागा मिळणार हे कौन्सिल ठरवते. हा भेद लक्षात ठेवला तर निम्मी पायपीट वाचते.

काही विषय मात्र सीमेवर उभे असतात. अमली पदार्थांविषयीचा फौजदारी कायदा लंडनकडे राखीव आहे, परंतु व्यसनाधीन माणसावरील उपचार हा आरोग्याचा, म्हणजे होलीरूडचा विषय आहे. ग्लासगोमध्ये देखरेखीखाली अमली पदार्थ घेता यावेत, म्हणजे निदान जीव तरी वाचेल, अशा केंद्राची मागणी अनेक वर्षे या दोन विषयांच्या कात्रीत अडकून पडली होती. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याने, म्हणजे लॉर्ड ॲडव्होकेटने, अशा केंद्रात स्वतःजवळ अमली पदार्थ बाळगल्याबद्दल खटला भरणे सार्वजनिक हिताचे ठरणार नाही अशी भूमिका मांडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते केंद्र सुरू झाले. राखीव कायद्यातला शब्दही बदलला नाही. शिवाय ही यादी स्थिर नाही : छऱ्याच्या बंदुकांचा विषय २०१२ च्या कायद्याने, तर गर्भपाताचा विषय आणि काही सामाजिक भत्ते २०१६ च्या कायद्याने होलीरूडकडे आले. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबून पत्र लिहू नये.

दुसरी पायरी : आपले आठ प्रतिनिधी ओळखा आणि मतदार यादीत नाव घाला

होलीरूडच्या सदस्याला एमएसपी म्हणतात. (शेतमालाच्या हमीभावासाठी आपल्याकडे हीच अक्षरे वापरतात, म्हणून घरी फोनवर सांगताना खुलासा करावा लागतो.) एकूण सदस्य १२९ असतात. त्यांपैकी ७३ मतदारसंघांतून निवडून येतात आणि ५६ विभागीय याद्यांतून. आठ विभाग, प्रत्येक विभागाचे सात सदस्य. मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात, एक मतदारसंघातील उमेदवारासाठी आणि दुसरी विभागातील पक्षासाठी, आणि विभागीय जागा वाटताना मतदारसंघांत आधीच जिंकलेल्या जागा हिशेबात धरल्या जातात. त्यामुळे एकाच पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणे अवघड होते. १९९९ पासून २०२१ पर्यंतच्या सहा निवडणुकांत ते केवळ एकदा, २०११ मध्ये, मिळाले. रहिवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमचे प्रतिनिधी एक नव्हे, आठ आहेत, ते सहसा वेगवेगळ्या पक्षांचे असतात, आणि त्यांपैकी कोणाकडेही जाण्याचा तुम्हाला सारखाच अधिकार आहे. संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की आठही नावे दिसतात. २०२६ च्या निवडणुकीसाठी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, म्हणून जुने रहिवासी सांगतील त्यावर न जाता स्वतः तपासून पाहावे.

मतदानाबद्दल फार गैरसमज आहेत. ‘आपण तर व्हिसावर आहोत, आपल्याला कसले मत?’ हे वाक्य मी कित्येकदा ऐकले आहे, आणि ते चुकीचे आहे. कायदेशीर परवान्यावर स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून होलीरूडसाठी, कौन्सिलसाठी आणि वेस्टमिन्स्टरसाठीही मत देता येते. विद्यार्थ्यालाही देता येते. २०२० च्या कायद्याने होलीरूड आणि कौन्सिलच्या निवडणुकांतील हा हक्क कायदेशीरपणे राहणाऱ्या इतर सर्व देशांच्या नागरिकांनाही दिला. मतदानाचे वय होलीरूड आणि कौन्सिलसाठी १६ वर्षे आहे, आणि नाव चौदाव्या वर्षापासून नोंदवता येते. म्हणजे घरातील नववी-दहावीच्या वयाच्या मुलाचे नावही यादीत घालता येईल. वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. होलीरूडच्या निवडणुकीत ते लागत नाही. नावनोंदणी ऑनलाइन होते आणि तिला थोडाच वेळ लागतो. जाता जाता सांगायचे तर मतदार यादीत नाव असल्याचा बँकेतील पत तपासणीतही उपयोग होतो, आणि नव्याने आलेल्या माणसाला त्याचे मोल कळते.

तिसरी पायरी : विधेयकाचा प्रवास समजून घ्या

महाराष्ट्रात विधानसभेच्या जोडीला विधान परिषद आहे, वेस्टमिन्स्टरलाही वरचे सभागृह आहे. होलीरूडला वरचे सभागृह नाही. घाईत केलेल्या कायद्याला थोपवून धरणारे दुसरे घर नसल्यामुळे छाननीचे सगळे काम विषयवार समित्यांवर येते, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे : या संसदेत सामान्य माणसाचे म्हणणे जिथे खरोखर नोंदले जाते ती जागा समिती आहे, सभागृह नव्हे.

विधेयकाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात विधेयकामागील तत्त्वे पटतात का, एवढेच तपासले जाते. संबंधित समिती लेखी अभिप्राय मागवते, तज्ज्ञांना आणि अनुभवी लोकांना बोलावून त्यांच्या साक्षी घेते, अहवाल लिहिते, आणि मग सभागृहात मत होते. दुसऱ्या टप्प्यात समिती एकेका कलमावर दुरुस्त्या मांडून मतदान घेते. तिसऱ्या टप्प्यात सर्व सदस्य सभागृहात उरलेल्या दुरुस्त्यांवर आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मत देतात. मंजुरीनंतर चार आठवड्यांचा काळ जातो, कारण विधेयक संसदेच्या अधिकारकक्षेत आहे की नाही, हा प्रश्न त्या काळात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे नेता येतो. नंतर राजसंमती मिळते.

बहुतेक विधेयके सरकारची असतात, पण सदस्यालाही स्वतःचे विधेयक आणता येते. त्यासाठी आधी जनतेच्या हरकती-सूचना मागवून मग किमान १८ सदस्यांचा पाठिंबा मिळवावा लागतो. आपल्याकडच्या अशासकीय विधेयकांचे सहसा काय होते हे पाहिलेल्या माणसाला इथले एक उदाहरण सांगण्यासारखे वाटते. मोनिका लेनन या विरोधी बाकांवरील सदस्येने मासिक पाळीची साधने सर्वांना मोफत मिळावीत म्हणून आणलेले विधेयक २४ नोव्हेंबर २०२० रोजी एकमताने मंजूर झाले.

विषय कसा वळणे घेतो हे पाहायचे असेल तर मद्याच्या किमान किमतीचे प्रकरण मुद्दाम अभ्यासावे. स्कॉटलंडमध्ये स्वस्त आणि कडक दारूमुळे होणारे मृत्यू हा जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रात दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या हाती असते. इथे ते शुल्क लंडनकडे राखीव आहे, त्यामुळे कर वाढवून दारू महाग करण्याचा मार्ग होलीरूडला बंद होता. सार्वजनिक आरोग्य मात्र होलीरूडचे. म्हणून सरकारने कराला हात न लावता, दारूतील शुद्ध अल्कोहोलच्या दर १० मिलिलिटरला, म्हणजे एका युनिटला, अमुक किमतीपेक्षा कमी दराने विक्री करता येणार नाही असा आरोग्याचा कायदा करायचे ठरवले. २०१० मध्ये सरकार अल्पमतात होते, आणि विरोधकांनी ही तरतूद विधेयकातून काढून टाकली. २०११ च्या निवडणुकीत बहुमत मिळाल्यावर ती पुन्हा आली आणि २०१२ मध्ये कायदा मंजूर झाला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने युरोपीय कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात आव्हान दिले, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन परत आले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १ मे २०१८ रोजी प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. दर होता युनिटला ५० पेन्स. दुकानात याचा हिशेब असा लागतो : ७०० मिलिलिटरच्या ४० टक्के व्हिस्कीच्या बाटलीत २८ युनिटे असतात, म्हणजे ती १४ पौंडांच्या खाली विकता येणार नाही.

याच कायद्यात संसदेने एक अट घालून ठेवली होती. सहा वर्षांनी तरतूद आपोआप संपेल. चालू ठेवायची असेल तर परिणामांचा अहवाल पाहून पुन्हा मत द्यावे लागेल. २०२३ च्या मूल्यमापनात सार्वजनिक आरोग्य संस्थेने असा अंदाज मांडला की केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू, हा कायदा नसता तर जितके झाले असते, त्यांपेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले. मृत्यूंचा प्रत्यक्ष आकडा कोविडच्या काळापासून वाढलेला होता, त्यामुळे या अंदाजावर वादही झाला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये संसदेने तरतूद कायम ठेवली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून दर ६५ पेन्स केला. तीच बाटली आता १८ पौंड २० पेन्सच्या खाली मिळत नाही. कायदा करताना त्याच्या फेरतपासणीची तारीख त्यातच लिहून ठेवणे ही मला या संसदेची शहाणपणाची सवय वाटते, आणि ती आणखी अनेक कायद्यांत दिसायला हवी.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही आहे. महागाई भडकल्यावर भाडेवाढ रोखण्याचे आणीबाणीचे विधेयक ३ ऑक्टोबर २०२२ रोजी मांडले गेले आणि ६ ऑक्टोबरला मंजूर झाले. तीन दिवसांत बाहेरच्या माणसाला अभिप्राय पाठवण्याची संधी जवळजवळ उरत नाही. सुदैवाने अशी विधेयके क्वचित येतात.

चौथी पायरी : आपले म्हणणे योग्य वेळी नोंदवा

अभिप्राय मागवण्याचे दोन प्रसंग असतात आणि नवीन माणूस त्यांची गल्लत करतो. विधेयक तयार होण्यापूर्वी सरकार हरकती-सूचना मागवते. त्यासाठी साधारणपणे बारा आठवडे दिले जातात. विधेयक संसदेत आल्यावर पहिल्या टप्प्यात समिती स्वतंत्रपणे लेखी अभिप्राय मागवते, आणि ही मुदत बहुधा त्याहून कमी असते. पहिल्या वेळी पाठवलेले म्हणणे सरकारकडे जाते, समितीकडे नाही. म्हणून दोन्ही वेळी पाठवावे. तिसऱ्या टप्प्यावर, वर्तमानपत्रात बातमी वाचून पाठवलेल्या पत्राला फारसा अर्थ उरत नाही, कारण तोवर तत्त्व स्वीकारले गेलेले असते आणि शब्दही बहुतांशी ठरलेले असतात.

अभिप्राय कसा लिहावा? विधेयकाची स्तुती किंवा सरकारवर टीका यांचा समितीला उपयोग नसतो. कोणत्या कलमाबद्दल बोलत आहात, त्याचा तुमच्या घरावर, दुकानावर किंवा कामावर नेमका काय परिणाम होईल, आणि कोणता बदल केल्यास अडचण दूर होईल, एवढे तीन मुद्दे एका पानात मांडावेत. इंग्रजी भारदस्त असण्याची गरज नाही. परिचारिकेने, केअर होममध्ये काम करणाऱ्या मावशींनी किंवा टॅक्सी चालवणाऱ्या माणसाने लिहिलेला सरळ अनुभव समितीच्या अहवालात उद्धृत झालेला मी वाचला आहे. नाव जाहीर करायचे नसेल तर तसे कळवता येते. विधेयक समजत नसेल तर संसदेच्या संशोधन विभागाची टिपणे वाचावीत. ती निःपक्षपाती असतात, सोप्या भाषेत असतात आणि मोफत मिळतात.

विधेयकच नसेल आणि प्रश्न मात्र मोठा असेल, तर याचिका करता येते. इथे सह्यांची किमान संख्या नाही. एका माणसाची याचिकाही समितीपुढे येते. दोन अटी मात्र आहेत : विषय होलीरूडच्या अखत्यारीतील असावा, आणि तो एका व्यक्तीच्या तक्रारीपुरता नसून धोरणाचा असावा. ‘माझ्या आईची शस्त्रक्रिया लांबली’ ही याचिका होत नाही. ‘या प्रकारच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना माहिती देण्याचे नियम बदलावेत’ ही होते. याचिका करण्यापूर्वी सरकारशी किंवा एमएसपीशी संपर्क साधून पाहिला होता का, हेही अर्जात विचारतात.

याचिकेचे बळ किती असू शकते, हे ‘पीई १५१७’ या क्रमांकाच्या याचिकेवरून कळते. प्रसूतीनंतरच्या त्रासांवर उपाय म्हणून शरीरात बसवलेल्या प्लास्टिकच्या जाळीमुळे असह्य वेदना भोगणाऱ्या महिलांनी ती २०१४ मध्ये दाखल केली. त्या स्वतः समितीपुढे येऊन बोलल्या. ते ऐकणाऱ्या सदस्यांना हा प्रश्न मिटवून टाकणे शक्य राहिले नाही. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी रुग्णालयांना या शस्त्रक्रिया स्थगित करण्याची विनंती केली, तरी त्या पूर्णपणे थांबल्या नाहीत. २०१८ मध्ये वापर थांबवण्यात आला, आणि खासगी रुग्णालयात स्वखर्चाने जाळी काढून घेतलेल्या महिलांना ते पैसे परत देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. आठ वर्षे. हा काळ फार मोठा आहे आणि त्या महिलांना इतके थांबावे लागणे अन्यायाचेच होते. तरीही त्यांनी पहिला अर्ज केला नसता तर यांतले काहीच झाले नसते.

पाचवी पायरी : वैयक्तिक अडचण असेल तर एमएसपीला भेटा

एमएसपी ठरावीक दिवशी मतदारसंघातील वाचनालयात, सभागृहात किंवा आपल्या कार्यालयात लोकांना भेटतात. या भेटींना ‘सर्जरी’ म्हणतात. शब्द ऐकून दवाखान्याची आठवण होते, पण भेट साधीच असते. बहुधा वेळ आधी घ्यावी लागते. जाताना घटनाक्रम तारखांसह एका कागदावर लिहून न्यावा, ज्या खात्याशी पत्रव्यवहार झाला त्याच्या प्रती न्याव्यात, आणि काय व्हायला हवे ते एका वाक्यात सांगता यावे इतकी तयारी करावी. तुमच्या वतीने पत्र लिहिण्यासाठी ते लेखी संमती मागतील. माहिती संरक्षणाच्या नियमामुळे ती द्यावीच लागते. त्यांच्या संबोधनाबद्दल संकोच नसावा. आपल्याकडे आमदारांना ‘साहेब’ म्हणण्याची रीत आहे. इथे पहिल्या नावाने हाक मारलेली चालते आणि त्यात अनादर मानला जात नाही.

एमएसपी सरकारला लेखी प्रश्नही विचारू शकतात. आपल्या विधिमंडळातील अतारांकित प्रश्नासारखा हा प्रकार आहे. उत्तर सामान्यतः कामकाजाच्या दहा दिवसांत येते आणि प्रश्नासह प्रसिद्ध होते. ‘गेल्या तीन वर्षांत आमच्या आरोग्य मंडळात अमुक तपासणीसाठी किती जण थांबले’ अशासारखी आकडेवारी बाहेर काढण्याचा हा चांगला मार्ग आहे. स्वतः माहिती मागायची असेल तर स्कॉटलंडचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा आहे, आणि त्याखाली कामकाजाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

काही बाबतींत कायदा संसदेने केलेला असला तरी दाद संसदेकडे मागायची नसते. भाड्याच्या घराचे डिपॉझिट हे नेहमीचे उदाहरण. कायद्यानुसार ते दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरार सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावे लागते. घरमालकाने तसे केले नाही तर गृहनिर्माणविषयक न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा; डिपॉझिटच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड भाडेकरूला देण्याचा आदेश ते काढू शकते. कौन्सिल किंवा आरोग्य मंडळाने तक्रारीचे निवारण केले नाही, तर त्यांच्या अंतर्गत तक्रारपद्धतीचे सर्व टप्पे संपल्यावर सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे जाता येते.

सहावी पायरी : एकदा स्वतः जाऊन बघा

एडिनबराच्या रॉयल माइल या जुन्या रस्त्याच्या खालच्या टोकाला संसदेची इमारत आहे. कॅटलन वास्तुशिल्पी एन्रिक मिरायेस यांनी तिचा आराखडा केला आणि २००४ मध्ये ती खुली झाली. प्रवेश विनामूल्य आहे. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे कामकाजाचे मुख्य दिवस. सकाळी समित्या आणि दुपारी सभागृह असा सर्वसाधारण क्रम असतो. गुरुवारी दुपारी बारा वाजता फर्स्ट मिनिस्टरांना, म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखांना, प्रश्न विचारले जातात, आणि त्याच्या प्रेक्षक सज्जाच्या जागा लवकर भरतात. पण पहिल्या भेटीसाठी माझा सल्ला असा आहे की एखाद्या समितीची सकाळची बैठक निवडावी. प्रश्नोत्तरांच्या तासात पक्षांची चकमक दिसते. समितीच्या खोलीत आठ-दहा सदस्य टेबलाभोवती बसलेले असतात, समोर शाळेचे मुख्याध्यापक किंवा एखादा शेतकरी बसलेला असतो, आणि विरोधी पक्षांचे सदस्य एकाच मुद्द्यावर एकामागून एक बारकाईने प्रश्न विचारत असतात.

सभागृहात बसलात तर पाच वाजेपर्यंत थांबावे. दिवसभराच्या चर्चांवरची मते त्या सुमारास एकापाठोपाठ घेतली जातात. अर्धवर्तुळाकार बाके भरतात, कुजबुज थांबते, पीठासीन अधिकारी ठराव वाचतात, सदस्य समोरच्या उपकरणावर कळ दाबतात आणि काही क्षणांत ‘बाजूने, विरोधात, तटस्थ’ असे तीन आकडे जाहीर होतात. समोर ठेवलेल्या चांदीच्या राजदंडावर चार शब्द कोरलेले आहेत : शहाणपण, करुणा, न्याय आणि सचोटी. जाणे जमत नसेल तर सभागृहाचे आणि समित्यांचे कामकाज ऑनलाइन थेट पाहता येते, आणि उच्चारलेल्या शब्दांचा अधिकृत वृत्तांत वाचायला मिळतो.

सातवी पायरी : कायदा मंजूर झाला म्हणजे लागू झाला असे समजू नका

बालहक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला स्कॉटलंडच्या कायद्यात स्थान देणारे विधेयक मार्च २०२१ मध्ये एकमताने मंजूर झाले. त्यातील काही तरतुदी वेस्टमिन्स्टरच्या अधिकारात शिरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. विधेयक दुरुस्त होऊन डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा मंजूर झाले आणि कायदा १६ जुलै २०२४ रोजी लागू झाला. २०२३ च्या जानेवारीत लंडनच्या सरकारने तर होलीरूडने मंजूर केलेले लिंगओळखविषयक विधेयक राजसंमतीपूर्वीच रोखले. तो अधिकार १९९८ च्या कायद्याच्या ३५व्या कलमात आहे आणि तो त्या वेळी पहिल्यांदाच वापरला गेला. न्यायालयाचा अडथळा नसला तरीही वेळ जातो : मासिक पाळीच्या साधनांबाबतचे कौन्सिलांवरील बंधन मंजुरीनंतर पावणेदोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, अमलात आले.

सध्या भाड्याने राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सप्टेंबर २०२५ मध्ये संसदेने गृहनिर्माणाचा नवा कायदा मंजूर केला आणि त्यात भाडेनियंत्रण क्षेत्रांची तरतूद आहे. पण त्यामुळे तुमच्या गल्लीतील भाडे आपोआप नियंत्रित होत नाही. कोणते क्षेत्र नियंत्रणाखाली आणायचे हे मंत्री स्वतंत्र नियमांद्वारे ठरवतात, आणि ते नियम संसदेपुढे यावे लागतात. घरमालकाची भाडेवाढीची नोटीस आली तर ब्रिटिश कायद्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तो कायदा उघडावा, संबंधित कलमावर ते अद्याप लागू नसल्याची खूण आहे का ते पाहावे, आणि नोटिशीवरील तारखेला नेमका कोणता नियम अमलात होता हे लिहून ठेवून मगच तिला उत्तर द्यावे.